मार्टिनच्या घरची रांग

आयर्लंडच्या काउंटी मेयोमध्ये मी माझ्या सासूबाईंना विसरून आले, हे खरं आहे. पण लोक सांगतात तशी मी एकटी विसरले नव्हते. आम्ही पाच जण मिळून विसरलो होतो, आणि त्यातला एक त्यांचा सख्खा मुलगा होता. तरीही पुण्यापासून अकोल्यापर्यंतच्या यच्चयावत नातेवाइकांत ही कामगिरी माझ्याच नावावर जमा आहे. आहेच जमा, तर निदान नीट सांगावी म्हणून लिहिते.

माझा स्वभाव थोडा घायकुता आहे. (नवरा म्हणतो, 'थोडा' खोड.) मला एका जागी बसवत नाही. डब्लिनमध्ये सँडीफोर्डहून ऑफिसला जाताना लुआस ट्राममध्ये जागा रिकामी असली तरी मी दाराशी उभी राहते. जणू मी उभी राहिले की ट्राम लवकर पोचणार आहे! सुट्टीच्या दिवशी घरी बसायचं म्हटलं की मला तळमळायला होतं. त्यामुळे सासूबाई उन्हाळ्यात अकोल्याहून राहायला आल्या, तेव्हा त्यांना 'खरं आयर्लंड' दाखवायचं असं मी परस्पर जाहीर करून टाकलं. त्या बिचाऱ्या बाल्कनीत बसून ट्राम बघण्यात सुखी होत्या. पण त्यांना कोण विचारतो?

खरं आयर्लंड म्हणजे मेयोच्या वायव्य टोकाचा एक समुद्रकिनारा. वाटेत मैलोन्‌मैल तपकिरी दलदलीचं रान. घर नाही, झाड नाही, मोबाइलला रेंज नाही. तिथे तंबू ठोकून एक रात्र काढायची, असा बेत. तंबू सुपरमार्केटच्या त्या मधल्या रांगेतून आणलेला, जिथे माणूस दूध घ्यायला जातो आणि वेल्डिंगचा मुखवटा घेऊन परततो. सोबत आमचे पुण्याचे मित्र कौस्तुभ आणि शलाका, त्यांच्या गाडीत, त्यांचा दोघांपुरता तंबू घेऊन. आमच्या गाडीत मी, नवरा प्रसाद, दहा वर्षांची लेक ईरा, सासूबाई, आणि भाताच्या कुकरसकट निम्मं स्वयंपाकघर.

सकाळी निघाल्यापासून मी सगळ्यांच्या मागे लागले होते. हवामानाच्या अ‍ॅपवर संध्याकाळी पावसाचा ढग दिसत होता आणि तो यायच्या आत तंबू उभा राहायला हवा होता. मोटरवेवरच्या थांब्यावर बायकांच्या टॉयलेटला भलीमोठी रांग होती. त्या रांगेत सासूबाईंच्या मागे उभी राहून मी दर मिनिटाला सुस्कारे टाकत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, या देशात रांग दिसली की समजावं, पुढं बाथरूम आहे. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं आणि सोडून दिलं.

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. नोकरीभर प्रमाणभाषेत ओरडल्या, आणि निवृत्त झाल्या त्या दिवसापासून वऱ्हाडीशिवाय दुसरं बोलायचं नाही असं ठरवून बसल्या. रस्त्यावरची प्रत्येक पाटी त्या मोठ्यांदा वाचतात. कासलबार मागे पडल्यावर पाट्या आयरिश भाषेत यायला लागल्या आणि रस्त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं दिसलं, 'गो मॉल'.

"मॉल आला वाटते," त्या खुश होऊन म्हणाल्या. "चपला पाहून घेतो म्या."

ईराने, शाळेत आयरिश शिकत असल्यामुळे, मागून सांगितलं, "आज्जी, इट मीन्स हळू. स्लो डाऊन."

"ऐकलं काय वं मृणाल," सासूबाई मला म्हणाल्या. गाडी मी चालवत होते. थोड्याच वेळात माझ्या चालवण्याने त्यांना मळमळायला लागलं आणि त्या शलाकाच्या गाडीत जाऊन बसल्या. आता मन लावून वाचा, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

दलदलीचं रान सुरू व्हायच्या आधी एक शेवटचं गाव लागलं. गाव म्हणजे एक चर्च, एक दुकान आणि काही घरं. दुकानापाशी दोन्ही गाड्या थांबल्या. मी आणि ईरा दुकानातल्या एकुलत्या एका टॉयलेटला जाऊन आलो. सासूबाई मला नको म्हणाल्या. मग त्यांनी शलाकाला सांगितलं, की कौस्तुभच्या गाडीत आरशाला टांगलेल्या त्या सुगंधी कागदी झाडाच्या वासाने कसंतरी होतंय, तेव्हा मी आता प्रसादच्याच गाडीत बसते. शलाकाने मान डोलावली. हे त्या दोघींत झालं. आम्हाला कुणीच काही सांगितलं नाही. त्यानंतर सासूबाईंना वाटलं, आपण नको म्हणालो खरं, पण जाऊनच आलेलं बरं.

तोवर मी हॉर्न वाजवला होता. आकाशाच्या कडेला ढग दिसत होता. "चला, चला, चला," असं मी तीनदा म्हणाले (ईराच्या मते सात वेळा), आणि निघाले. शलाकाला वाटलं, काकू प्रसादच्या गाडीत. मला वाटलं, आई त्यांच्या गाडीत. प्रसादला काय वाटलं ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. तो सँडविच खात होता.

किनारा सुंदर होता, असं फोटोंवरून दिसतं. मी पाहिला नाही. मी तंबूच्या काठ्या मोजत होते. वारा असा, की तंबूचं कापड जमिनीवर पसरलं की उठून उभं राही आणि आम्ही धरेपर्यंत चालायला लागे. प्रसाद आणि कौस्तुभ त्याच्या चार टोकांना लोंबकळत होते. दोन माणसं, चार टोकं, त्यामुळे दोन टोकं कायम मोकळी. शलाकाने आडोशाला स्टोव्ह पेटवून चहा केला. मी ईराला म्हटलं, आज्जी काकांच्या गाडीत झोपली असेल, तिला चहा देऊन ये.

ईरा भरला कप घेऊन परत आली. आज्जी तिथे नव्हती.

"त्या तुमच्या गाडीत आहेत ना," कौस्तुभ तंबूखालून ओरडला. "मघाशी बघितलं मी. शाल पांघरून झोपल्यात. मी दार पण हळूच लावलं."

मला हायसं वाटलं. म्हटलं, पोचल्यावर उतरून इकडे आल्या असतील. मीच कप घेतला आणि आमच्या गाडीचं मागचं दार उघडलं. कोपऱ्यात सासूबाईंची निळी शाल डोक्यावरून घेऊन एक आकृती बसली होती. मी प्रेमाने म्हणाले, आई, उठा आता, चहा घ्या. उत्तर नाही. मला वाईट वाटलं. म्हटलं, रागावल्या असतील दगदगीमुळे. मग मी त्यांच्या शेजारी बसून चांगलं समजावणीच्या सुरात बोलले, की माझा स्वभावच धावपळीचा आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला छान वाटावं म्हणूनच हे सगळं चाललंय. आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

खांदा गार होता. आणि त्याला झाकण होतं.

"मॅम," ईरा दारातून म्हणाली (इथली मुलं आईला मॅम म्हणतात), "दॅट्स नॉट आज्जी. दॅट्स द कुकर."

मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि कोण कोणाच्या गाडीत आहे असं कोणाला वाटत होतं याचा उलगडा झाला. प्रसादने हातातली तंबूची दोरी सोडली. तंबू निघाला तो सरळ समुद्राच्या दिशेने, आणि कौस्तुभ त्याच्या मागे. आम्ही तिघं गाडीत बसलो.

इथवर मला अजून हसू येतं. पुढच्या प्रवासाचं येत नाही. सत्तरीच्या बाई, इंग्रजी वाचता येतं पण इथल्या लोकांच्या तोंडून आलेलं कळत नाही, खिशात पैसा नाही, पत्ता पाठ नाही. चढावर जरा रेंज आली तेव्हा मी त्यांना फोन लावला. आमच्याच गाडीत, पायाखालच्या पिशवीतून, गणपतीची आरती सुरू झाली. प्रसादने ती संपेपर्यंत ऐकून घेतली. मग एवढंच म्हणाला, "मृणाल, जरा जोरात चालव." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्याने मला पहिल्यांदा म्हटलं होतं.

आणि नेमका तेव्हाच जोर चालेना. रस्त्यात मेंढ्या बसल्या होत्या. पाठीवर निळ्या रंगाचे ठिपके असलेल्या त्या मेंढ्यांना ना हॉर्न कळत होता, ना माझी परिस्थिती. मी खाली उतरून टाळ्या वाजवल्या. एकीने उठून जागा बदलली आणि पुन्हा बसली. मेंढ्यांमधून वाट काढली तर एका फाट्यावर मी घाईघाईने डावीकडे वळले. तो रस्ता दलदलीत पीट, म्हणजे जळणाची माती, खणण्याच्या जागेपाशी जाऊन संपला. परत फिरताना मागचं चाक रुतलं. प्रसादने ढकललं. गाडी निघाली, पण गुडघ्यापर्यंत काळा चिखल प्रसादसोबत आला. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून मी मेंढ्यांना शिव्या देत होते. ईराने आज्जीची निळी शाल मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

गाव जवळ आलं तेव्हा समोरून एक ट्रॅक्टर आला. मी काच खाली करून त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं, तुम्ही कुठे एक बाई पाहिल्यात का, साडी नेसलेल्या, वर जांभळा रेनकोट आणि पायात पांढरे बूट. त्याने ट्रॅक्टर बंद केला. टोपी काढली. आणि अतिशय हळुवार आवाजात सांगितलं, की ती मार्टिनच्या घरी आहे, ग्रँड आहे, म्हणजे इकडच्या बोलीत ठणठणीत आहे, आणि तुमच्या दुःखात मी सहभागी आहे.

ग्रँड आहे, तर दुःख कसलं? पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो प्रसादकडे बघत होता. बराच वेळ बघितल्यावर, "हो, कपाळ तेच आहे," असं काहीसं पुटपुटून त्याने ट्रॅक्टर सुरू केला.

दुकानाशेजारच्या घराबाहेर माणसांची रांग लागली होती. मघाशीही होती, पण मी ढगाकडे बघत होते. आयर्लंडच्या खेड्यांत माणूस गेला की त्याला एक दिवस घरीच ठेवतात. सगळं गाव रांगेने येतं, घरच्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन सांत्वनाचे दोन शब्द बोलतं, आणि मग स्वयंपाकघरात चहा पिऊन गप्पा मारत बसतं. त्या घरचा मार्टिन आदल्या दिवशी गेला होता. आणि आमच्या सासूबाई, रांग दिसली की पुढं बाथरूम, या हिशोबाने त्या रांगेत शांतपणे उभ्या राहिल्या होत्या.

आम्ही दारात पोचताच रांगेने आम्हाला वाट करून दिली. घरात गलका चालला होता, तो थांबला. बैठकीच्या खोलीत उघड्या शवपेटीत मार्टिन होता, ऐंशीच्या घरातला, उंच, कपाळ खरंच भव्य. शेजारी दोन खुर्च्या. एकीवर त्याची बायको ब्रीज. दुसरीवर आमच्या सासूबाई, मांडीवर फ्रूट केकची बशी. ब्रीजचा हात त्यांच्या हातात होता. दोघींचे डोळे लाल होते.

खोलीतला प्रत्येक माणूस आधी प्रसादकडे, मग पेटीकडे, मग पुन्हा प्रसादकडे बघत होता. प्रसाद उंच आहे, घाऱ्या डोळ्यांचा आहे, आणि केस मागे हटल्यामुळे त्याच्याही कपाळाला अलीकडे बराच वाव मिळालेला आहे. एक थकलेल्या आजी पुढे आल्या. त्यांनी त्याच्या चिखलाने भरलेल्या हाताला दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाल्या, बाळा, उशिरा का होईना, आलास ते बरं झालं. प्रसाद त्यांना थँक्यू म्हणाला. त्या रडायलाच लागल्या.

मला काही उलगडेना. ईराला आधी कळलं. तिने माझी बाही ओढली. "मॅम, युअर मॅन, म्हणजे तो मार्टिन, तरुणपणी जहाजावर होता. हे लोक म्हणतायत, ही वॉज इन बॉम्बे." मग आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "दे थिंक डॅड इज हिज सन."

सगळा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. गावातला माणूस तरुणपणी मुंबईला जाऊन आलेला. तो जातो, आणि दुसऱ्याच दिवशी भारतातून साडी नेसलेली अनोळखी बाई येते, कुणाशी न बोलता त्याच्या पेटीपाशी उभी राहते आणि ढसाढसा रडते. थोड्या वेळाने एक उंच, घाऱ्या डोळ्यांचा माणूस बायकोमुलीसह धापा टाकत दारात! यावर मी त्या गावात असते तर मीसुद्धा तोच अर्थ काढला असता, आणि घाईने काढला असता.

मी ब्रीजपाशी जाऊन गुडघ्यावर बसले आणि एका दमात सगळं सांगायला लागले. दोन गाड्या, कुकर, बाथरूम, आमची चूक, आम्हाला माफ करा. ब्रीजने मला थोपवलं. तिला सगळं ठाऊक होतं. सासूबाई रांगेतून तिच्यापर्यंत पोचल्या, पेटी बघून चपापल्या, आधी तिला मिठी मारून रडल्या, आणि मग कानात 'बाथरूम' म्हणाल्या. तिनेच त्यांना वर नेलं होतं. पण खाली आल्यावर सासूबाई गेल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या, त्या बसूनच राहिल्या.

"मग तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

ब्रीजने खोलीभर नजर फिरवली. सगळे कपातल्या चहाकडे बघायला लागले. ती माझ्या कानाशी वाकली. "काल रात्रीपासून हे सगळे माझ्याकडे बघून उसासे टाकतायत," ती म्हणाली. "आता निदान मार्टिनबद्दल बोलतायत. त्याला हे फार आवडलं असतं." आणि नवऱ्याच्या पेटीशेजारी बसून ती हसली. तिला हसताना बघून सासूबाईही हसल्या, कशाला ते न कळता.

मी सासूबाईंना म्हटलं, आई, मला माफ करा, आम्ही तुम्हाला सोडून गेलो.

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "तुमी गेले होते काय? मले वाटलं, तुमी मांगं लायनीतच उभे हा."

आम्ही मेंढ्या, दलदल, रेंज आणि देव या सगळ्यांशी झगडून आलो होतो, आणि त्यांना आमची उणीवच भासली नव्हती. प्रसादने मात्र खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. (त्या थकलेल्या आजी पुन्हा रडल्या.) मी हळूच विचारलं, तुम्ही यांना ओळखत नाही, भाषा येत नाही, मग इतका वेळ कशा बसलात?

त्यांनी बशी बाजूला ठेवली. "हे गेले तवा कोनालेच घरात येऊ देत नव्हते. सारे गेटापाशी उभे. माह्याजवळ कोनी बसलंच नाही. मंग म्या म्हटलं, आपन तरी बसून घ्यावं."

प्रसादचे वडील गेले त्या वेळी आम्ही डब्लिनमध्ये अडकलो होतो. कोरोनामुळे विमानं बंद होती. अंत्यविधी आम्ही लॅपटॉपवर पाहिला, आणि मधेच चित्र गोठलं होतं. कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला. मी खुर्ची ओढली आणि बसले. उठून कुठे जायला हवं असं मला वाटलं नाही, निदान तो कप संपेपर्यंत.

कौस्तुभ आणि शलाका नंतर आले, ओलेचिंब. तो ढग येऊन गेला होता. त्यांचा तंबू वाचला होता, आमचा अटलांटिकने ठेवून घेतला होता. ब्रीजच्या मुलीने आमच्याकडे एक नजर टाकली आणि घरामागचं गवताचं शेत दाखवलं. उरलेला तंबू तिथे लागला. सासूबाईंना घरात पलंग मिळाला. आम्हा पाच जणांना दोघांच्या तंबूत कुशीवर झोपून काढायची रात्र मिळाली, कारण एक वळला की सगळ्यांना वळावं लागत होतं. सकाळी आम्ही मार्टिनला पोचवूनच निघालो. पेटीला खांदा द्यायला गावकऱ्यांनी प्रसादला आग्रहाने पुढे केलं. खरी गोष्ट एव्हाना सगळ्यांना कळली होती. पण उंची जुळते, असं ते म्हणाले.

महिनाभराने ब्रीजचा फोन आला. मार्टिनच्या महिन्याची प्रार्थना आहे, पुष्पाला घेऊन या. (सासूबाईंना नावाने हाक मारणारी ती जगातली एकमेव व्यक्ती आहे.) प्रसादनेही यायलाच हवं, गावातल्या त्या आजी रोज त्याची चौकशी करतात. ईरासाठी कोकरं दाखवायची ठेवली आहेत.

मी विचारलं, आणि मी?

ती जरा घुटमळली. "तुला कामं असतात, असं पुष्पाने ईराकरवी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तू त्यांना दारात उतरवून गेलीस तरी चालेल."

मी बरं म्हटलं. आमच्या घरात या कामाचा अनुभव असलेली मी एकटीच आहे.